देत नाही असं लिहून दे

माझ्या नाकावर राग असतो हे शारजातल्या आमच्या बिल्डिंगच्या वॉचमनलाही ठाऊक होतं. पण त्या शुक्रवारी सकाळी मी रागात होते की आनंदात, हे माझं मलाच कळत नव्हतं. ड्रायव्हिंग लायसन्स नुकतंच हातात पडलं होतं, तेही नापास होऊन होऊन, आणि मी पहिल्यांदाच एवढी लांब गाडी नेणार होते. शारजाहून थेट रुवैसला. नवरा शेजारी बसून, त्याच्याही पायाशी ब्रेक असल्यासारखा, सारखा पाय दाबत होता. रोज ज्या रस्त्यावर तासन् तास रखडायचो तो सुट्टीचा मोकळा पडला होता. मला गाणं म्हणावंसं वाटत होतं आणि मी म्हणतही होते.

रुवैस म्हणजे अबू धाबीच्याही पुढे, समुद्राकाठचं रिफायनरीचं गाव. तिथल्या कामगारांच्या एका कॅम्पात ताईचा पूर्वीचा नवरा फिटर होता. त्यांचा घटस्फोट झाला तेव्हा कोर्टाने मुलीसाठी पोटगी ठरवून दिली होती. सुरुवातीला दोन-चार वेळा आली, मग बंद पडली. वकील म्हणाला, माणूस दुसऱ्या देशात, वसुली कशी करणार. ताईने मग तहसील कचेरीत खेटे घालून निराधार योजनेचे पैसे सुरू करून घेतले. रक्कम लहान होती. पण त्यात शाळा आणि रेशन भागायचं, वरचं ती ब्लाउज शिवून भागवायची.

आणि मग ते पैसेही थांबले. कारण काय, तर तुम्हाला पोटगी मिळते. कोर्टाचा कागद आहे ना, मग मिळतच असणार. ताईने डोकं आपटलं, तरी कचेरीतला माणूस ऐकेना. त्याने एक पुरावाही शोधून ठेवला होता. ताईच्या पूर्वीच्या नवऱ्याच्या गावी देवळात नवा संगमरवर बसवला होता आणि देणगीदारांच्या पाटीवर पहिलंच नाव ह्या गृहस्थाचं, सोनेरी अक्षरांत. गल्फला गेलेल्या आमच्याकडच्या प्रत्येक माणसाला गावच्या देवळात आपलं नाव हवं असतं. घराचं छप्पर गळलं तरी चालेल, पण पाटीवर नाव पाहिजे. "देवाला एवढं देणारा माणूस पोटच्या पोरीला देत नसेल होय?" असं त्या माणसाने ताईला विचारलं.

मी पैसे पाठवते म्हटलं तर ताईने साफ नाही म्हणून सांगितलं. "तुझ्या घरात उद्या काय होईल मला काय माहीत? सरकारचे आहेत, माझ्या हक्काचे आहेत, मला तेच हवेत." तिकडे तिची पूर्वीची सासू टपूनच बसली होती. हिला झेपत नाही, नातीला मी नेते, असं ती गावभर बोलत फिरत होती. जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आत पैसे सुरू झाले नाहीत तर सासूला नाही म्हणायला ताईजवळ तोंड उरलं नसतं.

शेवटी कचेरीतला तो माणूस कंटाळून म्हणाला, मग नवऱ्याकडूनच लेखी आणा, की मी पोटगी देत नाही. स्वतःच्या अक्षरात, दोन साक्षीदारांच्या सह्यांनी. हा कागद ही बाई कुठून आणणार, अशा हिशेबाने तो बोलला असणार. पण ताईने हे फोनवर सांगितलं आणि माझ्या अंगातच आलं. मी म्हटलं, एवढंच ना?

कॅम्पाच्या गेटातून बायकांना आत सोडत नव्हते. मी समोरच्या कॅफेटेरियात बसले आणि नवरा आत गेला. परत आला तो वरात घेऊन. भावोजी मधे आणि त्यांच्या गावचे सात-आठ जण भोवती, सगळे इस्त्रीच्या शर्टात, केस पाणी लावून बसवलेले. गावाकडची बाई आलीय म्हटल्यावर कुणी खुर्च्या ओढल्या, कुणी चहा सांगितला. एकाने तर खोलीवरून सुरमईच्या कालवणाचं पातेलंच उचलून आणलं. "वहिनी, जेवल्याशिवाय सोडणार नाही हं. आज माझी पाळी होती, मसाला गावचा आहे." मी वाटभर पाठ केलेलं भांडण तोंडात, आणि समोर गरम भात. वास असा सुटला होता की मी आधी जेवले. खोटं कशाला बोलू, दोनदा वाढून घेतलं.

मग मी कागद काढला. घटस्फोट झालेल्या मेहुण्याला काय हाक मारायची असते ते मला कुणी शिकवलं नव्हतं, सवयीने भावोजीच तोंडात आलं. "भावोजी, भांडायला आले नाही. ह्या मजकुराप्रमाणे तुमच्या अक्षरात लिहून द्या." आणि तो मजकूर मी मोठ्याने वाचला. माझा आवाज असा की कॅफेटेरियावाला मलबारीही मान वर करून बघायला लागला.

त्या सगळ्यांच्या हातातले घास थांबले. त्यांना यातलं काही माहीतच नव्हतं. पगार झाला की ही सगळी मंडळी एकत्र जाऊन घरी ड्राफ्ट पाठवायची आणि भावोजीही रांगेत असायचे. ते ड्राफ्ट आईच्या नावाने आणि देवळाच्या नावाने जात होते, हे कुणी कशाला विचारेल?

भावोजींचा चेहरा उतरला. ते माझ्या नवऱ्याकडे वळले. "साडूभाऊ, तुम्ही तरी समजवा. हे मी लिहून कसं देणार? उद्या गावात तोंड कसं दाखवू?"

"मग देत का नाही?" मी विचारलं.

"देणार होतो. इन्शाल्ला, पुढच्या महिन्यापासून देणारच होतो." त्यांनी घाईघाईने खिसा चाचपला आणि नोटा टेबलावर ठेवल्या. "हे घ्या. पाचशे दिरहम आहेत. म्हणजे तिकडचे जवळजवळ सहा हजार झाले. खलास, विषय संपला."

माझ्या नवऱ्याचा हात त्या नोटांकडे सरकलाच. मी तो बाजूला केला. एकदा हे पैसे घेतले की कचेरीतला माणूस म्हणणार, बघा, मिळते पोटगी. पुढच्या महिन्यात यांचं पाकीट पुन्हा मिटणार आणि ताई दोन्हीकडून जाणार. देणारच असाल तर दर महिन्याला कोर्टात भरा, मी म्हटलं, पण आज मला पैसे नकोत, सही हवी आहे. सही घेण्यासाठी पैसे परत करणारी बाई त्यांनी पहिल्यांदाच पाहिली असेल. मला तर अगदी चेव आला होता. आयुष्यात इतकं नेमकं मी कधी भांडले नव्हते.

"नाही लिहिणार," ते म्हणाले.

तेव्हा त्यांच्यातले सगळ्यांत वयस्कर काका, ज्यांना बाकीचे मुकादम म्हणत होते, हात धुऊन आले. "हे बघ," ते शांतपणे म्हणाले, "तू लिहिलंस तर आमच्यातले दोघं साक्षीला सही करतील आणि गोष्ट इथेच राहील. नाही लिहिलंस तर आम्ही सगळे मिळून लिहून देतो, हा देत नाही म्हणून. मग ते गावात वाचलं जाईल. यल्ला, काय ते ठरव."

भावोजींनी पेन घेतलं. त्यांचं अक्षर सुरेख होतं, हे मी विसरले होते. मी खाली नमूद केलेल्या माझ्या मुलीस पोटगी देत नाही, असं लिहून झालं. मग मुलीचं नाव. मग वय. तिथे ते जरा थांबले आणि त्यांनी सहा लिहिलं.

मी बघत होते. ते इकडे आले तेव्हा ती सहा वर्षांची होती. मला बोलायचं नव्हतं, एवढ्या लोकांसमोर तर नाहीच. पण चुकीचं वय असलेला कागद कचेरीने तोंडावर फेकला असता.

"नऊ," मी म्हटलं. "आता नऊ."

ते माझ्याकडे बघत राहिले. खाडाखोड करायला गेले तर मुकादम म्हणाले, खाडाखोड चालत नाही, नवीन घे. दुसरा कागद घेऊन भावोजींनी सगळा मजकूर पहिल्यापासून पुन्हा लिहिला, मी माझ्या मुलीस देत नाही हेही पुन्हा लिहिलं. साक्षीच्या सह्या झाल्या.

परतताना मी गाडी अशी हाणली की नवऱ्याने पाय दाबणंही सोडून दिलं. शारजाच्या पहिल्या फोनबूथपाशी गाडी थांबवली आणि ताईच्या शेजाऱ्यांकडे फोन लावला. ताई पळत आली असावी, तिला धाप लागली होती.

"मिळाली," मी म्हटलं. "सही मिळाली ताई. स्वतःच्या अक्षरात, साक्षीदारांसकट. आता बघू तो माणूस कसा पैसे अडवतो. आणि तुझी सासू कशी नेते पोरीला तेही बघू."

ताई हसायला लागली, हसता हसता रडली, पुन्हा हसली. मी बूथमध्ये नाचायचीच बाकी होते. मग ती एकदम सावध झाली. कागद कचेरीतून परत येण्याची तिला धास्तीच बसली होती.

"अगं, नाव, वय सगळं नीट आहे ना? वय काय घातलंय त्याने?"

"नऊ."



"बरोबर लिहिलंय," ती हळूच म्हणाली. "लक्षात आहे म्हणजे त्याच्या."

माझ्या तोंडाला कधी लगाम नव्हता. काचेपलीकडे नवरा उभा होता, त्याच्या हातात तो कागद होता.

"हो ताई," मी म्हटलं, "लक्षात आहे."