मार्थाने मोडलेली पिवळी पट्टी

माझा नवरा आज जिवंत आहे, आणि मार्था नाही.

तिला जाऊन आज वर्ष झालं. इतके दिवस लिहायचं टाळलं. आज लिहिते.

मार्था माझी शाळेपासूनची मैत्रीण. इंजिनिअरिंग कॉलेजात मटेरियल्स शिकवायची. तिच्या पपांचा इथेच किनाऱ्यावर फायबरच्या बोटी बनवायचा कारखाना. काचेच्या धाग्यांची मॅट रेझिनमध्ये, म्हणजे घट्ट होणाऱ्या चिकट द्रवात भिजवायची, थरावर थर द्यायचे, की बोट तयार.

प्रसादची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, नवी पिवळी बोट त्यांनीच बनवलेली. टुरिस्टना फिरवायला.

बोटींच्या काठाचे कापून टाकलेले तुकडे मार्था प्रॅक्टिकलसाठी लॅबमध्ये न्यायची. त्या सकाळी प्रसादच्या बोटीची पिवळी पट्टी मशीनवर चढली. दोन टेकूंवर पट्टी, मधोमध दाब.

चांगली पट्टी आधी वाकते, कुरकुरते, खूप उशिरा मोडते.

ही जेमतेम वाकली आणि मोडली. थर पापुद्र्यासारखे सुटले.

मार्थाने तुकडा घासून मायक्रोस्कोपखाली धरला. धागे रेझिनमध्ये बुडालेले दिसायला हवेत. तिला दिसल्या हवेच्या पोकळ्या, आणि कोरडेच राहिलेले धागे.

तिने तिथूनच मला फोन केला.

"हर्षू, प्रसाद खंय आसा?"

"समुद्रात. पॅसेंजर घेवन गेलो."

"पिवळी बोट?"

"होय. काय झालां गो?"

"तेका परत बोलव. आताच्या आता."

प्रसादचा फोन लागेना. मी पळत जेट्टीवर गेले. वारा वाढलेला, लाटांवर पांढरा फेस.

मार्था स्कूटरवरून आली ती थेट कारखान्यातून जेट्टीवर आलेल्या पपांसमोर उभी राहिली. सगळ्यांच्या देखत.

पपांनी तिने आणलेला तुकडा हातात घेतला. "काठाचो तुकडो तो. काठार असांच असता."

"असात पपा. कदाचित तळ चांगलो पण असात. पण माका म्हायत नाय. तुका म्हायत आसा?"

पपा तुकडा बोटांनी चाचपत राहिले.

मग ती बाकीच्या बोटवाल्यांकडे वळली. "कोणीतरी जावा. माणसां उतरवन घेवा."

एकाने इंजिन सुरू केलं. मार्था त्याच्या बोटीत चढली. तिला पोहता येत नव्हतं.

मी जेट्टीवर उभी. शेजारी पपा. दोघंही समुद्राकडे बघत होतो.

पुढचं प्रसादने सांगितलं. खडकांपाशी दोन्ही बोटी जवळ आणल्या. लाटेने बोटी वर-खाली होत होत्या. मार्था एकेकाचा हात धरून आपल्या बोटीत घेत होती. एक आजी उडी मारायला तयार नव्हत्या. मार्था त्यांना म्हणाली, "आजी, माझ्याकडे बघा. खाली बघू नका."

सगळे आल्यावर रिकामी बोट घेऊन प्रसाद हळूहळू निघाला.

"तळ पायाखाली हलत होतो गो," तो रात्रभर तेवढंच म्हणत राहिला.

किनाऱ्याला लागली तेव्हा बोटीत घोट्याइतकं पाणी होतं.

पपांनी स्वतः ग्राइंडर घेतला आणि तळ कापला. आतले थर पांढरे, सुटे. पावसाळ्यात मॅटच्या एका रोलला ओल लागली होती. वरून कोरडा दिसला, वापरला गेला. मुद्दाम कोणी काही केलं नव्हतं.

पपा वाळूत बसले. लेकीकडे न बघता एवढंच म्हणाले, "माझ्या चेडवान माझी लाज काढल्यान."

मार्था रडली नाही. उभी राहिली फक्त.

त्यांनी आमची बोट पुन्हा पहिल्यापासून बांधून दिली. पण लेकीशी बोलणं बंद. जेवणाच्या एकाच टेबलावर दोघं, आणि मध्ये तिची आई निरोप पोचवणार.

मग मार्थाचा कॅन्सर कळला. खूप उशिरा.

गोव्याच्या हॉस्पिटलात पपा रोज बसायचे. चमच्याने पेज भरवायचे. तेव्हाही फारसं बोलायचे नाहीत.

एका दुपारी मी तिथे असताना तिने विचारलं, "पपा, राग गेलो?"

पपांनी वाटी खाली ठेवली.

"राग तुझ्यावर नव्हतो गो. त्या बोटीतली माणसां माका रोज दिसतत. डोळे मिटले तरी दिसतत."

तिने त्यांचा हात हातात घेतला. "सगळी घराक गेली, पपा."

पपा तिच्या उशीवर डोकं टेकून रडले. मी बाहेर जाऊन उभी राहिले.

मार्था, शांत झोप गो.

तुझी हर्षू.