रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशीचं अपील

न्यायाधीश म्हणून मी पुष्कळ चुका केल्या. वरच्या कोर्टाने माझे निकाल फिरवले तेव्हा दोन दिवस तोंड कडू व्हायचं, मग मी ते मतभेदाच्या खात्यावर टाकून मोकळा व्हायचो. पण एक चूक वरच्या कोर्टाने काढली नाही. ती मला माझ्याच घरात, कपाट झाडताना सापडली. आणि सापडल्यावर मी जे केलं, किंवा केलं नाही, त्याची मला त्या चुकीहून जास्त लाज वाटते.

ते मध्य भारत राज्याचे दिवस होते. होळकरशाही संपली होती, आणि इंदूर-ग्वाल्हेरच्या न्यायाधीशांची मिळून एकच ज्येष्ठता यादी बनायची होती. कोण कोणाच्या वर बसणार, याची आम्हाला इतकी धास्ती की दिवाळीच्या फराळातही दुसरा विषय नसे. आजोबा दरबारात, वडील दरबारात, आणि मी इंदूरच्या कोर्टात अपिलं ऐकणारा. आपला नंबर खाली गेला तर नाक कापल्यासारखं होईल असं मला खरोखर वाटायचं. म्हणून मी कामं झपाझप उरकायचो. उशिरा दाखल झालेली अपिलं तर जेवणाच्या सुट्टीआधीच उडवायचो. त्यात डोकं चालवावं लागत नाही आणि निकाली कामांचा आकडा फुगतो.

श्रावणातल्या एका सकाळी एका शिंप्याचं अपील पुढे आलं. हा माणूस पूर्वी होळकरांच्या फौजेच्या वर्द्या शिवायचा. फौज गेल्यावर त्याने एका गल्लीत भाड्याचं दुकान घेतलं, आणि तिथेच पडद्यामागे राहूही लागला. मालकाने त्याच्याविरुद्ध दुकान खाली करण्याचा हुकूम मिळवला होता. अपील टिकलं तर दुकान राहणार. गेलं तर दुकानही जाणार आणि डोक्यावरचं छप्परही.

माझा रीडर, म्हणजे कोर्टात माझ्या खाली बसून फायली पुढे करणारा कारकून, वयाने माझ्या वडलांच्या जवळपासचा होता. फाइलवर त्याचा रिपोर्ट होता: अपील एक दिवस उशिरा. मी तारखा पाहिल्या. बरोबर एक दिवस. शिंप्याचे वकील दुसऱ्या कोर्टात अडकले होते, आणि त्यांनी धाडलेला ज्युनियर नुसता फाइल चाळत होता. तेवढ्यात मागून शिंपी स्वतःच उठला.

"हुजूर, मैं एक दिन पेले आया था।"

वकील हजर असताना पक्षकाराने तोंड उघडलेलं मला खपत नसे. मी म्हणालो, "एक दिन पहले आए थे, तो क्या अपील को हवा खिलाने लाए थे?"

कोर्ट हसलं. मालकाचे वकील तर चष्मा काढून हसले. मीही हसलो; माझा विनोद मला नेहमीच आवडायचा. शिंपी माझ्याकडे क्षणभर बघत राहिला आणि खाली बसला. मी अपील खारीज केलं, पुढची फाइल मागितली आणि त्या दिवशी घरी नेहमीपेक्षा दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

आठवड्याभराने गणपतीची साफसफाई निघाली. बायकोला कपाटात फोटोग्राफरचं एक पाकीट सापडलं. आमचा रंगपंचमीचा फोटो. कोर्टाच्या व्हरांड्यात वकील आणि आम्ही न्यायाधीश, सगळे रंगाने माखलेले, मध्ये मी, हातात पितळी पिचकारी. मालकाचे ते वकील माझ्या खांद्यावर हात टाकून उभे होते. "बघा, कसं माकड झालंय तुमचं," ती म्हणाली. मी हसत फोटो उलटा केला. मागे स्टुडिओचा शिक्का होता आणि खाली फोटो काढल्याची तारीख.

ती तारीख मी ओळखली. त्या अपिलाच्या मुदतीचा तो शेवटचा दिवस होता.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी कोर्ट बंद असेल, तर दुसऱ्या दिवशी दिलेला कागद वेळेत धरतात. कायद्याच्या पहिल्या वर्षाचं पोरही हे सांगेल. पण फायलीत इंग्रजी तारखा असतात आणि आमच्या डोक्यात रंगपंचमी तिथीने असते. नव्या राज्याच्या सुट्ट्यांच्या छापील यादीत रंगपंचमी नव्हती. इंदुरात मात्र त्या दिवशी कोर्ट उघडणं शक्यच नव्हतं, म्हणून ती सुट्टी निराळ्या हस्तलिखित हुकमाने मिळाली होती. रीडरने छापील यादी पाहिली. मी तीही पाहिली नाही. मार्चमध्ये ज्या दिवशी मी कानापर्यंत हिरवा झालो होतो, तो दिवस ऑगस्टमध्ये मला फक्त एक आकडा दिसला.

मी बायकोला सगळं सांगितलं. तिने पाकीट खाली ठेवलं.

"अहो, मग उद्याच कोर्टात बोलून टाका ना. गलती झाली म्हणायचं. त्यात काय मोठं?"

"तसं नसतं," मी म्हणालो. "पक्षकाराने अर्ज द्यावा लागतो. त्याने फेरविचार मागितला तर बघता येईल."

"त्याला कोण सांगणार?"

"वकील आहेत ना त्याचे."

"तुम्हाला माहीत असून तुम्ही वकिलाची वाट बघणार?" तिने विचारलं. मी तिच्यावर ओरडलो. कायद्यातलं तुला काय कळतं, असं काहीतरी बोललो. ती पुन्हा त्या विषयावर बोलली नाही, पण तो फोटो तिने अल्बममध्ये लावला नाही. माझ्या टेबलावर ठेवून दिला.

मी खोटं बोललो होतो. स्वतःची उघड चूक न्यायाधीश स्वतःहून दुरुस्त करू शकतो. तेवढा अधिकार माझ्याकडे होता. नव्हती ती छाती. यादी बनत असताना वर कळेल की हा पिचकारी मारायला गेलेला दिवस विसरतो आणि लोकांना घराबाहेर काढतो, याची भीती होती. मी रोज सकाळी रीडरला सहज विचारल्यासारखं विचारायचो, "काही नवे अर्ज?" शिंप्याचा अर्ज आला नाही. गणपती गेले. पितृपक्ष लागला. चूक सांगायलाही मी मुहूर्त बघत होतो की काय, कोण जाणे.

दसऱ्याच्या आधी एका संध्याकाळी मी मुद्दाम त्या गल्लीतून घरी गेलो. दुकानाला मालकाचं नवं कुलूप होतं. शेजारच्या पानवाल्याने सांगितलं की कोर्टाचा बेलिफ येऊन गेला आणि शिंपी मशीन बैलगाडीत घालून देपालपुरला बहिणीकडे गेला. "सीजन के टाइम पे गया बेचारा, साब," तो म्हणाला. दसरा-दिवाळी हीच शिंप्याची कमाई. मी पान न घेताच निघालो. त्या रात्री बायकोने काही विचारलं नाही, आणि तिने विचारावं असं मला फार वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी मी फाइल काढवली आणि दोन्ही बाजूंना नोटिसा धाडल्या. दिवाळीनंतरची तारीख पडली. शिंपी आला. अंगावर धुतलेला पण चुरगळलेला सदरा. स्वतःच्या कपड्यांना इस्त्री केल्याशिवाय हा माणूस पूर्वी कधी बाहेर पडला नसणार. मालकाचे वकील फार काही बोलले नाहीत. फोटो मी त्यांना चेंबरमध्ये दाखवला होता.

मी हुकूम सांगायला सुरुवात केली. मुदतीच्या शेवटच्या दिवशी न्यायालय बंद होतं. अपील वेळेत होतं. ते कार्यालयाच्या नजरचुकीने खारीज झालं होतं, सबब पुन्हा सुनावणीस घेण्यात येत आहे, आणि तोवर दुकानाचा कब्जा अपीलकर्त्याला परत द्यावा. "कार्यालयाच्या" म्हणताना मी रीडरकडे पाहिलं नाही. तो मान खाली घालून लिहीत राहिला.

मग, जरा मोठेपणा दाखवावा म्हणून, मी शिंप्याला विचारलं, "उस दिन बंद की बात बोले क्यों नहीं?"

तो उठून उभा राहिला. आवाजात राग नव्हता, आणि तेच मला जड गेलं.

"हुजूर, मैं रंगपंचमी को कागज लेके आया था। बरामदे में आप सब खेल रए थे। मैंने आप ही से पूछा था। आपने मुझे गुलाल लगाया और बोले, आज काहे की कचहरी भिया, कल ले आना। तो मैं दूसरे दिन लाया।" त्याने सदऱ्याची चुरगळ हाताने सरळ केली. "सुनवाई के दिन आप हँसे, तो मैं समझा साब को सब याद है। फिर मैं क्या बोलता?"

कोर्टात कोणी हसलं नाही. मला तो आठवला नाही. आजही आठवत नाही. त्या दिवशी मी दिसेल त्याला गुलाल लावत होतो आणि दिसेल त्याला भिया म्हणत होतो.

मी रीडरकडून कागद मागून घेतला. "कार्यालयाच्या" या शब्दावर पेन ठेवलं. रीडर माझ्याकडे वाकला आणि फक्त मला ऐकू येईल असं म्हणाला, "साहेब, राहू द्या ना माझ्याच नावावर. मी पुढच्या महिन्यात रिटायर होतोय. मला काय फरक पडतो?"

आणि मी पेन उचललं. राहू द्यावं, असा विचार केला. कितीतरी वेळ केला. शिंपी उभा होता, रीडर वाकलेला होता आणि मी यादीत माझं नाव कुठे येईल याचा हिशेब करत होतो. हे मी बायकोलाही कधी सांगितलं नाही.

मग मी तो शब्द खोडला आणि वर "न्यायाधीशाच्या" असं लिहिलं. खोडलेल्या जागी सही लागते, ती केली. अक्षर इतकं बारीक आलं की नक्कल काढताना रीडरला ते मला पुन्हा विचारावं लागलं.