काळीपिवळीच्या बॉनेटवरचा मेंढीकोट

ड्रायव्हर लोकांकडं एवढे किस्से कुठनं येतात, इचारू नका. शीट, म्हंजी पाशिंजर, भरेपर्यंत दुसरं कामच काय असतंय! लोहारा ते उमरगा आमच्या काळीपिवळ्या चालतात. रांगेतल्या शेवटच्या गाडीच्या बॉनेटवर पोतं टाकायचं आन् चौघांनी मेंढीकोट खेळायचा. रशीदचाचा माझा भिडू. समोर शिवाप्पा आन् पोपट.

खेळ सोपा हाय. चार रंगांच्या चार दश्श्या, त्याच मेंढ्या. ज्या जोडीनं जास्त मारल्या, तिचा डाव. हरलेल्यानं पत्ते पिसायचे. मागितलेला रंग हातात असून दुसरं पान टाकलं की डाव खलास. ह्यात आमचे दोन कायदे जास्तीचे. नंबर लागला की आपली पानं मागच्या गाडीच्या शीटाकडं द्यायची आन् निघायचं. शीट तेवढ्यापुरतं बदली. कायमचा गडी फक्त ड्रायव्हर. स्टेअरिंग सोडलं की पोत्यावरची जागा गेली!

ह्या दुसऱ्या कायद्यापायी चाचा अडकला. डोळ्यांत काचबिंदू. डॉक्टर म्हणाला, गाडी बंद करा. पोरगं सलीम स्टँडवरच पंक्चर काढतंय, लायसन हाय, त्ये रोज म्हणायचं, "अब्बा, चावी द्या." चाचा म्हणायचा, "चावी देतो बेटा, पर मग दिवसभर करू काय? घरात भिंतीसंगं खेळू?"

*

पानं शीटाला द्यायचा कायदा चाचामुळंच आला. एकदा नंबर लागला तसा गडी हातातली पानं खिशात घालून उमरग्याला गेला! आमी तिघं आपापली पानं छातीशी धरून बसलो. पोपटला दम निघंना. त्यानं फोन लावला, "चाचा, बदामाची दश्शी तुमच्याकडंच हाय का?"

पलीकडनं आवाज आला, "खेळात बोलायचं न्हाय!" आन् फोन कट.

*

पोपटची पानं एकदा एका आजीकडं गेली. कडेला मेथीची पाटी ठेवून आजी उभी राहिली. तीन मेंढ्या धडाधड मारल्या. तेवढ्यात तिची गाडी भरली, ड्रायव्हर हॉर्न वाजवून दमला.

आजी मागं न बघता म्हणाली, "जा म्हणावं त्येला. माझी चौथी यायची हाय!"

*

एक नवरा-बायको लग्नाला निघाले व्हते. दोघंबी बदली म्हणून बसले, भिडू झाले. नवऱ्यानं मोठ्या थाटात दश्शी टाकली आन् बायकोनं तिच्यावर हुकूम मारला.

"आगं, आपलीच मेंढी कापलीस!"

"मला काय ठावं, तुमी कवा नीट खेळताव?"

ती पुढच्या गाडीत बसली, त्यो मागच्या. आहेराचं पाकीट त्याच्याकडं राहिलं.

*

शिवाप्पा नियमाला लई कडक. एकदा पोपटनं नाक खाजवलं, तर ह्यानं सगळी पानं खाली टाकली. "माझा भिडू खूण करतुय. डाव तुमचा!"

पोपट रडकुंडीला आला. "आरं, माशी बसली व्हती!"

"मग माशीला बी सांग. ती माझ्याकडनं खेळत न्हाय."

*

आता परवाचं. दुपारची वेळ, स्टँड निवांत. चाचाची गाडी नंबरावर लागलेली. शिवाप्पानं बदाम उतरला. चाचानं पान डोळ्यापाशी नेलं, लांब धरलं, आन् चौकट टाकली. म्हणलं, बदाम संपले असतील. पुढच्याच हाताला चाचानं बदामाची दुर्री टाकली.

म्हंजी बदाम हातात व्हतेच! पोपटनं तोंड उघडलं, पर शिवाप्पानं खालनं त्याचा पाय दाबला. नियमाचा एवढा कडक माणूस, आन् पानाकडं बघंना!

एवढी शांतता पोत्यावर कधीच न्हवती. चाचाला ती कळली.

"शिवाप्पा, मघा बदाम मागितला व्हतास ना?"

"व्हय."

"मग म्या काय टाकलं?"

मला चाचाच्या तोंडाकडं बघवंना.

"माझ्यासाठी कायदा बदललास व्हय रे?" चाचा हळूच म्हणाला.

तेवढ्यात सलीम आला. "अब्बा, गाडी भरली."

पानं घ्यायला एक शीट पुढं सरकलं. चाचानं त्येला हातानंच थांबवलं. खिशातनं चावी काढली आन् सलीमच्या हातावर ठेवली.

"आरामात ने. लेकरंबाळं हायती गाडीत."

सलीमनं चावी मुठीत धरली आन् गेला. गाडी स्टँडाबाहेर पडंस्तोवर चाचा आवाजाकडं कान लावून उभा व्हता. हातात पानं तशीच.

"माझा नंबर संपला," चाचा म्हणाला. "पानं कुणाला देऊ?"

म्या शिवाप्पाकडं बघितलं. त्यानं पडलेल्या हातांतनं ती चौकट शोधून काढली आन् पोत्यावर दाणकन आपटली.

"रंग असून दुसरं पान टाकलंय, चाचा. डाव गेला तुमचा. पिसा!"