हळदीकुंकवात न ठरलेला खर्च

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. आम्ही दोघी दीडशहाण्या, अमेरिकेत येऊन चढलो.

वेस्ट विंडसरमध्ये मी आणि माझी मैत्रीण मिळून दिवाळीचा फराळ आणि रोजचे जेवणाचे डबे विकायचो. ती नागपूरची, मी पुण्याची. चिवड्यात तळलेला कांदा हवा की नको, यावरून रोज वाजायचं, पण ते प्रेमाचं. माझ्या बाळंतपणाला आईला व्हिसा मिळाला नाही, तेव्हा लेबर रूममध्ये माझा हात धरून हीच उभी होती. डिंकाचे लाडूही हिनेच वळले. आणि त्याच बाईने मला कोर्टात खेचलं! का, तर भांडून वेगळ्या झाल्यावर धंद्याचं नाव आणि गिऱ्हाइकं मी ठेवून घेतली. ठेवणारच! नाव मी शोधलं होतं. जाऊ दे.

२००६च्या संक्रांतीला ओळखीच्या एका काकूंकडे हळदीकुंकू होतं. काकूंनी मुद्दाम आम्हा दोघींना शेजारी बसवलं. तिने जाडा कोट काढला आणि मी बघतच राहिले. सातवा महिना असावा. मला कुणी सांगितलंसुद्धा नव्हतं! तिने तिळगूळ पुढे केला. तिळगुळाला नाही कसं म्हणणार? घेतला, आणि दोघींनाही रडू फुटलं. तिथेच, वाणाच्या डब्या मांडीवर ठेवून सगळं मिटवलं: फराळ आणि नाव माझं, रोजचे डबे तिचे, केस ती मागे घेणार. वकिलांचे पैसे कुणी द्यायचे, हे मात्र दोघींपैकी एकीनेही काढलं नाही. हळदीकुंकवाला पैशाचं कुणी काढतं का?

नेमकं तिथेच घोडं पेंड खात होतं.

काही दिवसांनी तिचा फोन आला. "तुझ्यासाठी केस मागे घेतेय, तर माझ्या वकिलाची फी तू देशील ना?"

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "अगं, केस तू टाकलीस! उलट माझ्या वकिलाचं बिल तू भरायला हवंस."

"म्हणजे मी खोटी, म्हणून मागे घेतेय?"

"मग काय मी खोटी?"

तिने फोन आपटला, मी भांडी आदळली. खरं सांगू, पैशाचा राग कमी आणि भीतीच जास्त होती. तिची आई आदल्याच वर्षी गेली होती. आता हिच्या बाळंतपणात हिचा हात कोण धरणार? ही मला दारात तरी उभी करेल का?

दुसऱ्या दिवशी माझ्या वकिलाला विचारलं, तर तो हसायलाच लागला. म्हणाला, इथे बहुतेक वेळा जो तो आपल्या वकिलाचे पैसे देतो. तडजोडीत वेगळं ठरवता येतं, पण तुम्ही तर काहीच ठरवलेलं नाही. त्याने एक कागद तयार करून दिला: केस कायमची मागे, खर्च कुणी कुणाकडे मागायचा नाही. त्यावर दोन्हीकडच्या सह्या हव्या होत्या. पोस्टाने पाठवतो म्हणाला. मी म्हटलं, छे, माझ्याकडे द्या. आणि थेट तिच्या घरी ड्राइव्ह करत गेले.

तिने दार उघडलं. पाय सुजलेले, चेहरा उतरलेला. कागद उभ्याउभ्याच वाचला.

"यात कोण बरोबर, कोण चूक, काहीच नाही?"

"नाही. ज्याचं बिल त्याने भरायचं. वकिलाला दाखव आणि मगच सही कर."

ती फसकन हसली आणि पोट सांभाळत सोफ्यावर बसली. मग खाली बघत म्हणाली, "मार्चमध्ये ड्यू आहे गं. तू येशील?"

"वेडी आहेस का? डिंक गाडीत पडलाय. हळदीकुंकवाहून परत जातानाच घेतला."

"फोनवर एवढी भांडलीस, तेव्हाही होता?"

"तेव्हाही होता."

तिने डोळे पुसले. "मग त्याचा खर्च कुणाचा?"

"पुन्हा विचारलंस तर कोर्टात खेचीन!"