मशिदीची माडी

आमची मशीद, म्हणजे ठाण्यातलं आम्हा बेने इस्राएल ज्यूंचं प्रार्थनामंदिर, कोकणातले तेलाचे घाणे सोडून नोकऱ्यांसाठी आलेल्या वाडवडिलांनी बांधलेली. जेरुसलेम पश्चिमेला, म्हणून पश्चिमेच्या भिंतीत हेखाल, तोराच्या, आमच्या धर्मग्रंथाच्या, गुंडाळ्या ठेवायचं मोठं कपाट. मधोमध कठड्याचा लाकडी चौथरा, तेबा. त्यावर उभं राहून तोरा वाचायची. वरून लोंबणारे खोबरेल तेलाचे काचेचे दिवे. पुरुष खाली बसत आणि बायका वर माडीवर. लहानपणी मला याचा भयंकर राग यायचा. मग कळलं, माडीच्या कठड्याला टेकलं की सगळी मशीद दिसते; खाली पुरुषांना फक्त पुढच्याची पाठ. बांधणाऱ्यांनी नकळत आपल्यावर उपकारच केलेत, असं मी म्हणायचे आणि आई मला डोळ्यांनी गप्प करायची.

आमच्यातली घरंच्या घरं बोटीने इस्राएलला जात होती, त्याच सुमारास दादाचंही जायचं ठरलं. कल्याणच्या रेल्वे शेडमधली फिटरची नोकरी चांगली चालली होती, पण मनाने घेतलं ते घेतलं. निघण्याआधीच्या शनिवारी त्याला तोरा वाचायला तेबावर बोलावणार होते. इकडे आईचे गुडघे पार गेलेले. माडीचा जिना अरुंद आणि उभा. कित्येक महिन्यांत ती वर चढली नव्हती.

बाबांनी पंचांना विचारून तोडगा काढला. "खालीच दाराशी खुर्ची टाकू, पुढे पडदा लावू. तिला सगळं ऐकू येईल."

"आणि दिसणार काय? पडदा?" मी म्हणाले.

"तुझं आपलं नेहमीचंच!"

आई तांदूळ निवडत होती, ती निवडतच राहिली. मला तिचाही राग आला.

शनिवारी बाबा आणि दादा पुढे गेले. शब्बाथला, म्हणजे विश्रांतीच्या पवित्र दिवशी, वाहनात बसायचं नाही, त्यामुळे आई माझा हात धरून हळूहळू चालत आली. पडद्याकडे तिने पाहिलंही नाही. सरळ जिन्याशी गेली, खालच्या पायरीवर पाठमोरी बसली आणि दोन्ही हात टेकून तिने स्वतःला वरच्या पायरीवर ढकललं.

"अगं आई!"

"गप. पाय उचल माझे."

अशी ती बसत बसत माडीवर पोचली. बायकांनी तिला कठड्याजवळची जागा दिली. घामाने तिचं पातळ भिजलं होतं.

दादाला बोलावलं. तो तेबावर चढला, त्याने न अडखळता वाचलं. मग दाराकडे वळला, पडद्याकडे बघत राहिला. बोटं ओठांना लावून त्याने ती तिकडे धरली. आई तिथे नाही, हे त्याला ठाऊकच नव्हतं. माडीकडे बघायची पुरुषांची रीत नव्हती.

मी हाक मारणारच होते, पण आईने माझं मनगट घट्ट धरलं.

"नको," ती पुटपुटली. "माझ्यापुढे आला की नुसता हसत असतो गं. बघू दे मला."

खाली दादा रडत होता.