घरच्या माणसाचं मत

माझ्या ताईला पगार मिळतो तो कंपन्यांचं नाव चांगलं राहावं म्हणून. बाबांना हे अजून पटलेलं नाही. "कंपनी चांगली असेल तर नाव आपोआप चांगलं राहील, त्यासाठी माणूस कशाला ठेवायचा?" असं ते जेवताना विचारतात आणि ताई ताटात बघून जेवत राहते.

आधी ती एका एजन्सीत होती. तिथे एकाच वेळी पाच-सहा कंपन्यांचं काम. सकाळी गाद्यावाल्यांचं कौतुक, दुपारी दातांच्या दवाखान्याचं. फोन वाजला की आधी आठवायचं, आत्ता आपण कुणाच्या बाजूने आहोत. एकदा घाईत तिने दातांच्या डॉक्टरचं वाक्य गाद्यांच्या मालकाच्या तोंडी घातलं आणि पत्रक वर्तमानपत्रांना पाठवून दिलं. ते तसंच छापून आलं: "आमच्याकडे आलेला माणूस हसतच परत जातो." मालक बेहद्द खूश झाला. ताई मात्र वैतागली. "कुठलंही वाक्य कुणालाही चालतं, मग मी करते तरी काय?"

म्हणून तिने पाण्याचे हीटर बनवणाऱ्या एका कंपनीत नोकरी धरली. एकच कंपनी, आतली खडान्खडा माहिती, साहेबांच्या शेजारची खोली. इथे आपलं म्हणणं ऐकलं जाईल, एवढीच तिची आशा. बाबा म्हणाले, "आता कशी एका जागी टिकशील." मीही म्हटलं, बरं झालं. कसलं बरं?

वर्षाच्या आतच हीटरच्या एका बॅचचा स्विच सदोष निघाला. नळाला हात लावला की शॉक बसतो, असं सांगणाऱ्या एका आजोबांचा व्हिडिओ सगळीकडे फिरायला लागला. ताई कारखान्यात गेली, बॅचचा नंबर शोधून काढला आणि साहेबांना म्हणाली, "आजच जाहीर करू. या नंबरचे हीटर बंद ठेवा, आम्ही फुकट बदलून देतो. थांबलो तर आणखी कुणाला तरी शॉक बसेल."

"तुम्ही घरच्या आहात, म्हणून घाबरताय," साहेब म्हणाले. "बाहेरच्या कुणाला तरी विचारू."

आणि विचारलं कुणाला? ताईच्याच जुन्या एजन्सीला. तिथल्या मुख्य बाईंनी निघाल्यानिघाल्या गाडीतूनच ताईला फोन लावला. "अगं, तुमच्याकडेच येतेय. काय सांगू तुझ्या साहेबांना?"

मी असते तर फोन आपटला असता. ताईने नंबरासकट सगळं सांगितलं, कारण तिकडे लोक त्याच हीटरच्या पाण्याने अंघोळी करत होते.

बाईंनी मीटिंगमध्ये तेच सांगितलं, एका शब्दाचाही फरक न करता. साहेब मान डोलावत होते. दुपारी घोषणा झाली, आणि साहेब ताईला म्हणाले, "यांच्याकडून शिका. असं ठाम बोलता आलं पाहिजे." ताईने हे सांगितलं तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती आपली चहात बिस्किट बुडवत होती, त्याचा मला आणखी राग आला.

थोड्याच दिवसांत ती परत एजन्सीत गेली. बाबांनी कपाळावर हात मारून घेतला. "नुसती धरसोड," ते म्हणाले.

"तिथून बोललं की निदान ऐकतात," ताई म्हणाली.

ते मात्र खरं निघालं. हीटरवाल्यांचंच काम तिच्याकडे आलं. जुन्या हीटरचे सुटे भाग मिळेनात म्हणून गिऱ्हाइकं बोंब मारत होती. ताई गेली तर साहेबांनी स्वतः उठून तिला खुर्ची दिली. तिच्या जागेवर आता एक नवी मुलगी होती. ती म्हणाली, "सर, भाग कधी येतील ती तारीख सरळ सांगून टाकू या. लोक थांबतील."

"तुम्ही थांबा हो, मॅडमना बोलू द्या," साहेब म्हणाले.

ताई म्हणाली, "माझं वेगळं काही नाही. या म्हणतायत तेच बरोबर आहे."

साहेब एकदम त्या मुलीकडे वळले. "बघा, याला म्हणतात सल्ला."

ताई घरी आली ती तणतणतच. पर्स सोफ्यावर फेकली. "मी तिचीच बाजू घेतली गं, तरी वाहवा माझीच झाली. निघताना ती लिफ्टपर्यंत आली. मला वाटलं, भांडणार. भांडली असती तर बरं झालं असतं."

"मग?"

"म्हणाली, मॅडम, तुमच्या एजन्सीत जागा आहे का?"