सिसेरोचं नाक

आमच्या रविवारच्या चित्रकलेच्या वर्गात चित्रं कमी आणि किस्से जास्त जमतात. चित्रं निदान रद्दीत देता येतात, किस्से घरातच पडून राहतात. म्हणून आज थोडे तुमच्याकडे सरकवते.

वर्ग माने सरांच्या घरी भरतो. सर रिटायर्ड ड्रॉइंग मास्तर. विद्यार्थी तिघंच: अलकापुरीत पॉलिस्या विकणारी मी, सासऱ्यांचे आजोबा संस्थानात अंमलदार होते हे कुणालाच विसरू न देणाऱ्या गुप्ते काकू, आणि मकरपुऱ्याच्या कारखान्यात साचे बनवणारे शिर्के. चौथा सिसेरो. हा रोमचा पुढारी आणि वक्ता. दोन हजार वर्षं झाली तरी लोक त्याची भाषणं, पत्रं वाचून लिहायला-बोलायला शिकतात, शिल्पकार त्याचे पुतळे घडवतात. आमच्याकडे त्याचा प्लॅस्टरचा अर्धपुतळा आहे आणि आम्ही दर रविवारी तोच काढतो.

"एवढा मोठा वक्ता, मग तोंड मिटलेलं का?" काकूंनी पहिल्याच दिवशी विचारलं.

"माझ्या वर्गात बोलायला बंदी आहे," सर म्हणाले.

* * *

एकदा प्रदर्शनासाठी सिसेरोला अलकापुरीला न्यायचं होतं. धूळ लागू नये म्हणून सरांनी त्याला पांढऱ्या चादरीत गुंडाळलं, चेहरा तेवढा उघडा ठेवला आणि मांडीवर घेऊन रिक्षात बसले. शेजारी मी. रिक्षावाल्यानं आरशात बघून हळूच गुजरातीत विचारलं, "काका, क्यारे ऑफ थया?" कधी वारले, म्हणून.

सर शांतपणे म्हणाले, "बे हजार वरस थयां."

तो बिचारा अलकापुरीपर्यंत पुन्हा आरशात बघायला धजला नाही.

* * *

काकूंनी सिसेरो जरा मनावरच घेतला. भाषण कसं करावं यावर त्यानं लिहिलंय म्हटल्यावर त्यांनी मोबाइलवर मिळेल ते वाचून काढलं आणि सोसायटीच्या गणपतीत बोलायला उभ्या राहिल्या. विषय पार्किंगचा, सुरुवात रोमपासून. गाडी पार्किंगपर्यंत पोचेतो आरतीच्या ताटातला कापूर उडून गेला.

घरी जाताना गुप्ते काका मला म्हणाले, "थांबावं कधी, यावर काही लिहिलं नाही का हो त्यानं?"

* * *

चित्र पास झालं की सर कोपऱ्यात लाल पेन्सिलीनं 'ठीक' लिहितात. मला ते पहिल्याच वर्षी मिळालं आणि संधी मिळेल तिथे मी ते सांगते. शिर्क्यांना मात्र कधीच नाही. कपाळ उत्तम, डोळे उत्तम, पण नाक उतरायचं शिर्क्यांचं स्वतःचं. जाड, शेंड्याला खाच असलेलं.

"शिर्के, हे तुमचं नाक आहे. समोर दिसतं ते काढा."

"ताई, एकदा 'ठीक' मिळू दे," शिर्के मला म्हणायचे, "फ्रेम करून हॉलमध्ये लावणार. खिळा ठोकून ठेवलाय." त्या खिळ्याला त्यांची बायको सध्या भाजीची पिशवी अडकवते.

* * *

सरांनीच एकदा सांगितलं की सिसेरो हे नाव हरभऱ्यावरून पडलं. कुणा पूर्वजाच्या नाकाच्या शेंड्याला हरभऱ्यासारखी खाच होती म्हणे.

शिर्के ताडकन उभे राहिले. "मग सर, माझंच बराबर ने?"

"ते पूर्वजाचं. तुम्ही समोर दिसतं ते काढा."

शिर्के खाली बसले. त्या दिवशी मला त्यांच्यासाठी खरंच वाईट वाटलं.

* * *

मग एका रविवारी काकूंच्या पर्सचा पट्टा अडकला आणि सिसेरो तोंडावर आपटला. बाकी सगळा शाबूत, नाकाचा मात्र भुगा. सरांनी तरुणपणापासून जपलेला पुतळा तो. ते खाली बसून भुगा गोळा करायला लागले.

शिर्के म्हणाले, "सर, माझ्यावर सोडा. साचे करण्यात जिंदगी गेली माझी."

पुढच्या रविवारी सिसेरो परत स्टुलावर. सांधा कुठे शोधून सापडेना. काकू नाकाकडे बघत राहिल्या, मी बघत राहिले, मग आम्ही दोघी शिर्क्यांकडे बघत राहिलो. शिर्के मान खाली घालून पेन्सिलीला टोक करत होते.

वर्ग संपताना सर नेहमीसारखे चष्मा पुसून फिरायला लागले. शिर्क्यांपाशी थांबले. चित्र बघितलं, सिसेरो बघितला, पुन्हा चित्र बघितलं. खिशातून लाल पेन्सिल काढली आणि कोपऱ्यात लिहिलं, 'ठीक'. शिर्क्यांचे डोळे भरून आले.

मग सर माझ्यापाशी आले. मी आपलं इतकी वर्षं हातात बसलेलं तेच नाक काढलं होतं.

"नाक चुकलं," सर म्हणाले. "समोर दिसतं ते काढा."